चिंधी

श्रीकृष्णाचे बोट कापल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. बोटातून रक्त वाहू लागले तेव्हा नारद चिंधी मागण्यासाठी प्रथम सुभद्रेकडे गेले. सुभद्रा ही श्रीकृष्णाची सख्खी बहीण. परंतु शालू आणि पैठण्या यांनी भरलेल्या तिच्या घरात बोटास बांधण्याजोगी चिंधी काही सापडेना. मग नारद द्रौपदीकडे गेले. तिने क्षणाचाही विचार न करता आपले भरजरी पीतांबर फाडले आणि त्याची चिंधी पुढे केली.

ही कथा बहीणभावाच्या प्रेमाची आहे, उपचाराची नव्हे. तरीही व्यवहारातील एक गोष्ट ती सहज सांगून जाते. बोट कापते तेव्हा वैद्य जवळ नसतो. जवळ असते ते घरातले माणूस आणि घरातले कापड. पहिल्या काही मिनिटांत त्या माणसाने काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. कापडापुरते बोलायचे तर जरीचे पीतांबर या कामी फारसे उपयोगी नाही. रक्त टिपून घेण्याचा गुण जुन्या, मऊ, सुती कापडात अधिक असतो.

चैत्राचे दिवस होते. आईवडील शेतावर गेले होते आणि घरी बारा वर्षांची ताई व तिचा नऊ वर्षांचा भाऊ अशी दोघेच होती. कैरी चिरून तिखटमीठ लावून खावी, असे भावाच्या मनात आले. विळीचे पाते उभे करून तो बसला. कैरीची साल गुळगुळीत. ती हातातून निसटली आणि त्याच्या डाव्या हाताची तर्जनी पात्यावर गेली. जमिनीवर रक्ताचे थेंब पडू लागले. "ताई!" अशी त्याची किंकाळी ऐकून ताई तर धावलीच, शेजारच्या आजीही धावत आल्या.

ताईच्या छातीत धडधडत होते. पण तिने तसे दाखवले नाही. तिने भावाला भिंतीला टेकवून बसवले, कारण रक्त पाहून पुष्कळांना भोवळ येते. "दुसऱ्या हातानं बोट घट्ट दाबून धर," असे तिने त्याला सांगितले आणि ती हात धुवायला वळली.

"अगं पोरी, हात कसले धुतेस? हळद भर त्यात! आत्ता थांबेल रक्त," आजी म्हणाल्या.

"हळद नको, आजी. तुमच्याकडे धुतलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा असला तर तेवढा द्या. मी दाबून धरते."

आजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग घरी जाऊन त्यांनी ट्रंकेतून, धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या लुगड्याचा तुकडा आणला. ताईने त्याची चौपदरी घडी केली, ती जखमेवर ठेवली आणि बोटांनी नेटाने दाबून धरली. भावाचा हात तिने छातीच्या वर उचलून धरला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा चार वाजून पाच मिनिटे झाली होती.

"थांबलं का, ताई? बघू दे ना."

"सव्वाचारपर्यंत नाही."

एवढा वेळ त्या घडीखाली काय चालले होते? नऊ वर्षांच्या मुलाच्या शरीरात सुमारे दोन लिटर रक्त असते. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर. ते ज्या वाहिन्यांतून फिरते त्यांपैकी काही सूक्ष्म वाहिन्या विळीने तोडल्या होत्या. वाहिनी तुटताच ती स्वतःच आकुंचन पावते. पाठोपाठ रक्तातील रक्तपट्टिका त्या तुटलेल्या कडेला चिकटू लागतात. या रक्तपट्टिका इतक्या लहान असतात की, एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख मावतात. जखम बुजवण्याचे त्यांचे हे काम इटालियन शास्त्रज्ञ जुल्यो बिझोझेरो यांनी १८८२ साली दाखवून दिले. रक्तपट्टिका एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. मग रक्तातच विरघळलेल्या एका पदार्थापासून फायब्रिन नावाचे तंतू तयार होतात आणि त्या बुचाभोवती जाळे विणतात. कोळ्याच्या जाळ्यात माश्या अडकाव्यात तशा त्यात रक्ताच्या तांबड्या पेशी अडकतात. असे जाळे पुरते विणले गेले की रक्त थांबते.

म्हणजे रक्त थांबवण्याचे काम शरीर स्वतःच करते. दाबून धरणारा माणूस फक्त प्रवाह अडवून त्या विणकामाला सवड देतो. दर मिनिटाला कापड उचलून 'थांबले का' म्हणून पाहणारा अर्धवट विणलेले जाळे आपल्या हातांनी फाडतो आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायला लावतो. कापड रक्ताने भिजले तरी ते काढू नये. त्याच्यावर दुसरे ठेवावे आणि दाबत राहावे. बोटाला दोरा करकचून बांधण्याची पद्धतही वाईट. त्याने साऱ्या बोटाचाच रक्तपुरवठा तुटतो, आणि बोट काळेनिळे पडते. जखमी माणूस परका असेल तर त्याच्या रक्ताला उघडा हात लावण्यापेक्षा त्यालाच स्वतःची जखम दाबायला सांगावे, किंवा आपल्या हातावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवून दाबावे.

आता हळदीविषयी. हळदीत औषधी गुण आहेत, हे कोणी नाकारत नाही. परंतु स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड ही निर्जंतुक नसते. त्या डब्यात ओला चमचा जातो, धूळ जाते, अनेकांचे हात जातात. शिवाय पूड भरली की जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. कॉफीची पूड, चुना, तंबाखू, राख, कोळिष्टके यांनाही हेच लागू आहे. माती आणि शेण यांचा तर स्पर्शही होऊ देऊ नये, आणि त्याचे कारण फार गंभीर आहे.

मातीत व जनावरांच्या शेणात एका जंतूचे बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उकळत्या पाण्यातही ते काही काळ टिकतात. हवा न पोहोचणाऱ्या खोल जागी ते वाढतात आणि एक भयंकर विष निर्माण करतात. प्रथम जबडा ताठतो, मग पाठीचे स्नायू असे आखडतात की रोग्याचे शरीर धनुष्यासारखे वाकते. आपल्या पूर्वजांनी या रोगाला 'धनुर्वात' हे नाव दिले ते याच कारणाने. हा जंतू जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनी १८८९ साली बर्लिन येथे वेगळा करून वाढवला. पात्याने झालेल्या उथळ, स्वच्छ जखमेपेक्षा गोठ्यातला गंजका खिळा किंवा अनवाणी पायात खोल रुतलेला बाभळीचा काटा या बाबतीत अधिक धोक्याचा. रक्त फारसे येत नाही म्हणून अशी जखम लोक विसरून जातात. धनुर्वाताच्या लसीचा डोस मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. लहानपणचे डोस पुरे झाले आहेत की नाहीत, हे जखम होण्यापूर्वीच घरातल्या लसीकरणाच्या कार्डावर पाहून ठेवणे बरे.

सव्वाचार वाजले. ताईने हलक्या हाताने कापड उचलले. रक्त थांबले होते. तिने बोट पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरले आणि भोवतालची कातडी साबणाने धुतली. स्पिरिट किंवा टिंक्चर तिने जखमेत ओतले नाही. त्यांनी आग तर होतेच, पण जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशीही त्यांनी दुखावतात. मग कोरड्या कापडाची पट्टी तिने बेताची घट्ट बांधली. नखाचा रंग पूर्ववत गुलाबी आहे, हे पाहून तिने गाठ मारली.

बाजारात मिळणारी चिकटपट्टीही अशाच एका घरात जन्मली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अर्ल डिक्सन नावाचे गृहस्थ कापसाची खरेदी करण्याच्या नोकरीत होते. स्वयंपाक करताना त्यांच्या पत्नीची बोटे वारंवार कापत आणि भाजत. एका हाताने बांधलेली चिंधी टिकत नसे. १९२० साली डिक्सन यांनी चिकट फितीच्या मध्यावर जाळीदार कापडाच्या घड्या ठेवून दिल्या, म्हणजे पत्नीला हवा तेवढा तुकडा कापून एकटीलाच लावता येईल. पुढे त्यांच्या कंपनीने हीच वस्तू 'बँड-एड' या नावाने विकली.

प्रत्येक जखम मात्र घरी निभावत नाही. लाल भडक रक्त उसळ्या मारीत येत असेल तर रोहिणी तुटली आहे असे समजावे. तेथे जोराने दाबून धरावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावे. दहा मिनिटे अखंड दाबूनही रक्त वाहतच असेल, जखमेच्या कडा फाकल्या असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर दाब न सोडता दवाखाना गाठावा. काच किंवा लोखंड आत रुतले असेल तर ते उपसू नये. कधीकधी त्यानेच रक्त अडवलेले असते. कुत्रा चावला असेल तर जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी जावे.

संध्याकाळी आईवडील परतले तेव्हा भाऊ पट्टी बांधलेले बोट उंच धरून ओटीवर बसला होता. वडिलांनी कार्ड काढून पाहिले. पाचव्या वर्षीचा डोस त्यावर नोंदलेला होता. तरी उद्या आरोग्य केंद्रात दाखवून यायचे ठरले. आजींनी एव्हाना विळी धुऊन, पाते मिटवून फळीवर ठेवली होती, आणि तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी त्या आपल्या घरून वाटीत घेऊन आल्या होत्या.