वराहाची वाढ कोठे अडते?
वाढत्या वराहांच्या आहारातील अमिनो आम्लांचा विचार

सागरी, नागरी आणि डोंगरी असे तिन्ही प्रदेश ज्याच्या वाट्याला आले आहेत असा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. सातपाटी-डहाणूची मासळी, वाड्याचा कोलम तांदूळ, जव्हार-मोखाड्याची नागली, वरई व खुरासणी आणि बोईसर-तारापूरची कारखानदारी ही या जिल्ह्याची ओळख होय. मुंबईची मोठी बाजारपेठ रेल्वेने जोडलेली आहे. अशा ठिकाणी शेतीस पूरक धंद्यांना वाव असणे स्वाभाविक आहे. गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्याइतके वराहपालन येथे रुळलेले नाही. तथापि थोड्या जागेत, थोड्या काळात उत्पन्न देणारा धंदा म्हणून काही कुटुंबे त्याकडे वळतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित स्वरूपात वराहपालनाच्या उद्योगालाही भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली.

या धंद्यातील खर्चाचा सर्वांत मोठा भाग खाद्यावर होतो. एकूण खर्चाच्या सुमारे दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश इतका हा वाटा असतो. म्हणूनच खाद्य देऊनही जनावर वाढत नसेल, तर कर्ज काढून धंदा उभा केलेल्या कुटुंबाचे गणित कोलमडते. पुष्कळदा असे दिसते की पोते चांगल्या प्रतीचे आहे, त्यावर प्रथिनांचे प्रमाणही पुरेसे छापलेले आहे, आणि तरीही वजनकाटा हलत नाही. याचे कारण रोग किंवा जंत हे असू शकते. परंतु ते नसेल, तर खाद्यात प्रथिने किती आहेत याबरोबरच ती कोणती आहेत, हा प्रश्न विचारावयास हवा.

कुडाच्या भिंतीचा दाखला

प्रथिन हा एकच एक पदार्थ नाही. सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ती गुंफण आहे. यांपैकी काही आम्ले प्राण्याचे शरीर स्वतः तयार करते. नऊ-दहा आम्ले मात्र वाढत्या वराहाला खाद्यातूनच मिळावी लागतात. लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन ही त्यांतील व्यवहारात विशेष महत्त्वाची होत.

आपल्या आदिवासी पाड्यांवरील कुडाचे घर सर्वांच्या परिचयाचे आहे. भिंतीसाठी कारवी लागते, बांबू लागतात, बांधावयास बंध लागतात आणि लिंपावयास शेणमाती लागते. बंध संपले की अंगणात कारवीचे ढीग असूनही काम थांबते. शरीरात मांस तयार होण्याची रीत अशीच आहे. जे आम्ल गरजेच्या मानाने सर्वांत कमी, तेथेच वाढ अडते. धान्य व कोंडा यांवर वाढणाऱ्या वराहाच्या बाबतीत हे आम्ल बहुधा लायसिन असते.

उरलेली आम्ले शरीर पुढच्यासाठी साठवून ठेवू शकत नाही. त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो व त्यापासून अमोनिया तयार होतो. गोठ्याच्या उग्र वासाचे ते एक कारण आहे. म्हणजे असमतोल खाद्याने पैसा वाया जातो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही वाढतात.

हे ज्ञान कसे झाले

१९१४ मध्ये अमेरिकेतील ऑसबोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी उंदरांना प्रथिन म्हणून केवळ मक्यातील झीन दिले. उंदरांचे वजन घटले. त्यात ट्रिप्टोफॅन मिसळताच वजन टिकले, परंतु वाढले नाही. त्यावर लायसिन दिल्यानंतर उंदीर वाढू लागले. १९३५ मध्ये विल्यम रोझ यांनी थ्रिओनिनचा शोध लावला आणि आवश्यक आम्लांची यादी पूर्णत्वास गेली.

पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लायसिन व ट्रिप्टोफॅन अधिक असलेला मका हाती आला. त्याचे दाणे मऊ असत आणि उत्पन्न कमी येई. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वसल व एव्हांजेलिना व्हिलेगास यांनी हे दोष दूर केले. या कार्याबद्दल त्या दोघांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दरम्यान १९८१ मध्ये ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने वराहांसाठी ‘आदर्श प्रथिना’ची कल्पना पुरस्कारिली. तिचा गाभा असा, की लायसिन १०० मानावे आणि इतर आम्ले त्याच्या प्रमाणात द्यावीत. आजच्या हिशेबाने मिथिओनिन व सिस्टिन मिळून ५५ ते ६०, थ्रिओनिन ६० ते ६५ आणि ट्रिप्टोफॅन १७ ते १८ असे हे प्रमाण येते.

प्रथिने सारखी, फळ वेगळे

वराहाच्या मांसातील १०० ग्रॅम प्रथिनात सुमारे ७ ग्रॅम लायसिन असते. त्याच्याशी आपल्या खाद्यपदार्थांची तुलना करावी. १०० ग्रॅम प्रथिनामागे मक्यात सुमारे ३ ग्रॅम, तांदळात व भुईमुगाच्या पेंडीत साधारण साडेतीन, सोयाबीनच्या पेंडीत ६ हून थोडे अधिक आणि मासळीच्या कुटीत ७ च्या आसपास लायसिन आढळते.

आता दोन मिश्रणे घेऊ. पहिल्या १०० किलो मिश्रणात तांदळाची कणी ४५ किलो, भाताचा कोंडा ३० किलो, भुईमुगाची पेंड २३ किलो आणि क्षार व मीठ २ किलो आहे. दुसऱ्यात कणी ५२ किलो, कोंडा २५ किलो, सोयाबीनची पेंड १६ किलो, मासळीची कुटी ५ किलो आणि क्षार व मीठ २ किलो आहे. दोन्ही मिश्रणांत प्रथिने सुमारे १७ टक्केच भरतात. परंतु पहिल्यात लायसिन अंदाजे ०.६३ टक्के, तर दुसऱ्यात ०.९४ टक्के येते. दिवसाला दीड किलो खाणाऱ्या वराहाला पहिल्यातून साडेनऊ ग्रॅम लायसिन मिळेल, दुसऱ्यातून १४ ग्रॅम. पोत्यावरील प्रथिनांचा आकडा हा फरक सांगत नाही.

गरज किती, हेही पाहू. सुधारित जातींकरिता अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये दिलेल्या मानकांप्रमाणे ११ ते २५ किलो वजनाच्या वराहाच्या खाद्यात पचणारे लायसिन १.२३ टक्के, २५ ते ५० किलोपर्यंत ०.९८, ५० ते ७५ पर्यंत ०.८५ आणि ७५ ते १०० पर्यंत ०.७३ टक्के असावे. म्हणजे पिल्लू लहान असताना प्रमाण अधिक लागते व वय वाढेल तसे ते उतरते. गावठी वा सावकाश वाढणाऱ्या जनावरांची गरज याहून कमी असते. तेव्हा लहान-मोठ्या सर्वांना एकच मिश्रण घालणे दोन्हीकडून तोट्याचे आहे. पिल्ले अपुरी राहतात आणि मोठ्यांवर खर्च व्यर्थ होतो.

तूट भरून काढण्यासाठी बाजारात लायसिनची पूडही मिळते. १९५६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना अमिनो आम्ल तयार करणारा सूक्ष्मजीव सापडला. त्यानंतर थोड्याच वर्षांत किण्वनाने लायसिन काढण्याची रीत बसली. या पुडीत सुमारे ७८ टक्के लायसिन असते. १०० किलो खाद्यात २०० ग्रॅम पूड घातल्यास लायसिन सुमारे ०.१५ टक्क्याने वाढते. मात्र एक मर्यादा ध्यानी घ्यावी. पहिल्या मिश्रणात ४०० ग्रॅम पूड घालून लायसिन दुसऱ्याइतके करता येईल, पण मग मिथिओनिन व थ्रिओनिन कमी पडू लागतील. बंध आणून दिले, तर आता बांबू संपले, अशी ती गत होईल.

स्थानिक साधने व त्यांतील धोके

आपल्या जिल्ह्यात या दृष्टीने उपयोगी वस्तू पुष्कळ आहेत. भाताचा कोंडा गिरणीवर सहज मिळतो. परंतु त्यात तूस मिसळलेले नसावे आणि तो ताजाच वापरावा, कारण त्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो. खुरासणीच्या पेंडीत मिथिओनिन चांगले व लायसिन कमी असते. तूर-उडदाच्या चुनीत याच्या उलट असते. ही दोन्ही एकत्र दिल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. भुईमुगाची पेंड पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी धरते आणि बुरशीचे विष घातक असते. तेव्हा पेंड कोरड्या जागी, फळीवर ठेवावी. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक पचनाला अडथळा आणतात, म्हणून ते भाजल्याशिवाय देऊ नये. मोहाच्या पेंडीतही अपायकारक द्रव्ये असल्याने ती खाद्य म्हणून वापरू नये.

किनाऱ्यावरील मासळीचे टाकाऊ भाग शिजवून, वाळवून व कुटून वापरता येतात. खारवलेली मासळी मात्र टाळावी. जादा मीठ आणि अपुरे पाणी यांमुळे वराहांना विषबाधा होते. मासळीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास ठेवावे आणि विक्रीपूर्वी काही आठवडे ती बंद करावी, म्हणजे मांसाला वास येत नाही.

बोईसर-तारापूर परिसरात कारखान्यांची उपाहारगृहे व खाणावळी यांचे उरलेले अन्न उपलब्ध होऊ शकते. ते स्वस्त असते, परंतु त्यात मुख्यत्वे भात, तेल व मीठ असते, आणि आजचे अन्न उद्यासारखे नसते. त्याने पोट भरते, लायसिनची गरज भागेलच असे नाही. त्यास सोयाबीनची पेंड किंवा मासळीच्या कुटीची जोड द्यावी. असे अन्न किमान अर्धा तास उकळूनच द्यावे व त्यात वराहमांसाचे उष्टे येऊ देऊ नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० मध्ये भारतात प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर उपचार नाही आणि उष्ट्या अन्नातून तो पसरतो. औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडलेली रसायनांची रिकामी पिंपे खाद्य किंवा पाणी साठविण्यास कदापि वापरू नयेत. कारखान्यांच्या नाल्याचे पाणीही जनावरांना पाजू नये.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

मोकाट वराहांच्या आहाराचा हिशेब ठेवता येत नाही. शिवाय उघड्यावरील मानवी विष्ठा खाल्ल्याने त्यांच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या वाढतात. त्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फेफरे येऊ शकते. म्हणून बंदिस्त गोठा, शौचालयांचा वापर व मांस पूर्ण शिजविणे यांचा आग्रह ग्रामपंचायतींनी धरला पाहिजे. खाद्याचे मिश्रण ठरविण्यापूर्वी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा किंवा डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. हे केंद्र १९७६ पासून या भागात कार्यरत आहे. अनेक पाळणाऱ्यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी केली आणि मिश्रणाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला, तर वर दिलेल्या अंदाजी आकड्यांच्या जागी स्वतःच्या खाद्याचे निश्चित आकडे हाती येतील. दर पंधरवड्यास वजन करून वहीत नोंदविणे हा याहूनही सोपा उपाय आहे. वाढ कोठे अडली ते वही सांगते.

शिक्षकांना या विषयात आणखी एक पाठ सापडेल. तांदळात लायसिन कमी व डाळीत पुष्कळ, तर डाळीत मिथिओनिन कमी व तांदळात बरे. वरण-भात किंवा नागलीची भाकरी व उडदाची आमटी या जोड्या आपल्या पूर्वजांनी अनुभवाने बसविल्या, त्यांचे शास्त्रीय कारण हे आहे. जेथे बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न दीर्घकाळ भेडसावत आला आहे, तेथे नुसत्या भाताने पोट भरणे आणि वाढ होणे यांतील भेद प्रत्येक घरी समजला पाहिजे. वराहाच्या खाद्याचा हिशेब करावयास शिकलेले कुटुंब आपल्या मुलाच्या ताटाकडेही त्याच दृष्टीने पाहू लागले, तर त्या शिक्षणाचे मोल धंद्यातील नफ्याहून अधिक ठरेल.