बाळाचा शॅम्पू कुत्र्याला का सोसत नाही?

प्रश्न: आमच्या लॅब्राडोर चिंगीला रविवारी लहान बाळांच्या शॅम्पूने आंघोळ घातली. रात्रीपासून ती पोट आणि काखा सारखी खाजवते आहे, कातडी लाल झाली आहे. बाळाला चालतं ते तिला का चालू नये? आता काय करू?

उत्तर: तुम्ही काळजीपोटीच सौम्य शॅम्पू निवडलात, पण बाळाची आणि कुत्र्याची कातडी वेगळी असते. आपल्या त्वचेचा सामू साधारण ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. कुत्र्याचा बहुधा ७ च्या आसपास. त्याच्या त्वचेचा वरचा थरही आपल्यापेक्षा बराच पातळ. त्यामुळे माणसांसाठी बेतलेल्या शॅम्पूने तिच्यावरचं तेल निघून जातं, कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते.

दुसरं कारण फेसाचं. लॅब्राडोरला केसांचे दोन थर असतात: वर राठ केस, खाली दाट मऊ लव. वरचे केस स्वच्छ दिसले तरी फेस लवेत अडकतो आणि निथळून पोटाखाली, काखेत, जांघेत उतरतो. चिंगी नेमकी तिथेच खाजवते आहे.

आज तिला शॅम्पू न लावता नुसत्या कोमट पाण्याने धुवा. केसांत बोटं उलटी फिरवून पाणी कातडीपर्यंत जाऊ द्या. बुळबुळीतपणा गेला, पाणी नितळ आलं, तरी आणखी दोन तांबे ओता. मग टॉवेलने टिपा, चोळू नका. गरम हवेचा ड्रायर नको. जंतुनाशक द्रावण, टी ट्री तेल किंवा घरातलं मलम लावू नका. झिंकचं मलम चाटलं गेलं तर विषबाधा होऊ शकते. चाटणं थांबत नसेल तर गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला.

तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर तडक पशुवैद्यांकडे न्या. दोन दिवसांत उतार पडला नाही, पू किंवा दुर्गंधी आली, केस गळून चकत्या पडल्या, तरीही दाखवाच. मूळ दुखणं पिसवांचं किंवा बुरशीचं असू शकतं. जाताना शॅम्पूची बाटली सोबत ठेवा, त्यावरचे घटक वाचून डॉक्टरांना कारण शोधणं सोपं जाईल.

पुढच्या वेळी कुत्र्यांसाठीचा, बिनवासाचा शॅम्पू आणा. आधी मांडीच्या आतल्या बाजूला थोडासा लावून धुवा, दोन दिवस तिथली कातडी पाहा आणि मगच चिंगीला आंघोळ घाला.