जुन्या मालमोटारीचे मागील चाक : मर्यादित घसर की कुलूप?

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमौसी हे गाव आहे. विमानतळामुळे त्याचे नाव सर्वांस परिचित झाले. याच परिसरात, सरोजिनीनगर येथे, स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना होता. कंपनीची स्थापना 1972 साली झाली व 2021 साली ती बंद करण्याचा निर्णय झाला. तिची विक्रम ही तीनचाकी गाडी उत्तर हिंदुस्थानात घरोघर ठाऊक झाली. या लहानशा गाडीच्या मागील आसाच्या पोटातही तीच यंत्रयोजना असते, जी मोठ्या पिकअप मालमोटारीत असते. तिला विभेदी दंतचक्रमाला, अथवा कारागिरांच्या बोलीत डिफरन्शियल, असे म्हणतात.

भेदाची आवश्यकता

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. म्हणून वळण घेताना तिला अडचण पडत नाही. मोटारीची गोष्ट निराळी. तेथे इंजिनाची शक्ती आसातूनच चाकांना मिळते. समजा, दोन चाकांतील अंतर 1.4 मीटर आहे व गाडी मागे तोंड करून वळली. या अर्धवर्तुळात बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा सुमारे 4.4 मीटर अधिक चालावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यास घट्ट जखडलेली असती, तर एक चाक फरफटत गेले असते. 1827-28 च्या सुमारास ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच यंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी या अडचणीवर दंतचक्रांचा उपाय योजला. त्यायोगे चाकांचा वेग भिन्न होऊ शकतो. परंतु दोन्ही चाकांना मिळणारा पीळ सारखाच राहतो.

गुणातच दोष

हा सारखेपणा समजून घेण्यास एक सोपा प्रयोग करावा. फूटपट्टीच्या मध्यभागी एक दोरा बांधावा. तिच्या दोन टोकांस आणखी दोन दोरे बांधून एकास जड व दुसऱ्यास हलका दगड जोडावा. मधला दोरा मेजावरून ओढला असता पट्टी तिरपी होते, हलका दगड सरकतो, जड दगड जागचा हलत नाही. आता पट्टी तिरपी होणार नाही अशी दोन्ही हातांनी धरून ओढावी. दोन्ही दगड सरकतात. पहिली स्थिती साध्या डिफरन्शियलची, दुसरी कुलूपबंद डिफरन्शियलची होय.

अमौसीच्या वायव्येस काकोरी व मलिहाबाद हा दशहरी आंब्याचा मुलूख आहे. आंब्याचा हंगाम सरता सरता पाऊस येतो आणि गंगेच्या खोऱ्यातील बारीक गाळाची माती निसरडी होते. जवळपास ऊसर, म्हणजे क्षारयुक्त, जमिनीही आहेत. त्या भिजल्या म्हणजे अधिकच चिकट होतात. अशा वाटेवर भरलेल्या गाडीचे एक चाक चिखलात गेले की ते गरगर फिरते व कोरड्या भुईवरील चाक स्वस्थ राहते. फळ मात्र वाट पाहत नाही.

हिशेब असा : मागील आसावर 1,600 किलोग्रॅम भार, म्हणजे प्रत्येक चाकावर 800, धरू. कठीण भुईवर पकड भाराच्या सहा-दशांश व चिखलात एक-दशांश मानू. चिखलातील चाक 80 किलोग्रॅम एवढाच ओढा देऊ शकते. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे चाकही तेवढाच देते. एकूण 160. खड्ड्यातून निघण्यास 250 लागत असतील, तर गाडी निघणार नाही.

दोन उपाय

मर्यादित घसरीच्या डिफरन्शियलमध्ये घर्षणाच्या चकत्या अथवा विशिष्ट दंतचक्रे असतात. ती कमी फिरणाऱ्या चाकास अधिक पीळ देतात. हे प्रमाण अडीचपट असल्यास ओढा 80 अधिक 200, म्हणजे 280 होतो. गाडी जेमतेम निघते. मात्र एक चाक अधांतरी असेल, तर शून्याची अडीचपटही शून्यच! चकत्यांवर आधीपासून स्प्रिंगचा दाब असल्यास थोडी मदत होते, एवढेच. शिवाय चकत्या झिजतात व त्यांना विशिष्ट वंगण लागते.

कुलुपाच्या योजनेत दोन्ही अर्धआस एकजीव होतात व वरील उदाहरणात ओढा 560 पर्यंत जातो. काही कुलपे चालकाने हवेच्या दाबाने, विजेने किंवा तारेने लावावयाची असतात. काही आपोआप लागतात; 2020 सालच्या महिंद्र थार गाडीत असे यांत्रिक कुलूप देण्यात आले. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर कुलूप लावून वळल्यास टायर घासतात व आसावर ताण पडतो. ओल्या उतारावर दोन्ही चाके एकदमच घसरून गाडीचा मागचा भाग बाजूस सरकण्याचा धोका असतो.

निवड कशी करावी

जुन्या गाडीत आधी आसाची परीक्षा करावी. कुलूप लागले असता जवळजवळ सर्व पीळ एकाच अर्धआसावर येऊ शकतो. त्याचे खाचदार टोक झिजलेले असेल, अथवा क्राउन व पिनियन यांत फाजील ढिलाई असेल, तर नवे कुलूप म्हणजे मोडक्या दाराला भक्कम कडी होय. दुरुस्ती प्रथम, कुलूप नंतर.

गाडी बहुतांशी पक्क्या रस्त्यावर चालत असून क्वचितच ओल्या कडेला उतरत असेल, तर मर्यादित घसरीची योजना पुरेशी व सौम्य आहे. रोज बागेत किंवा शेतात शिरणाऱ्या गाडीस चालकाच्या इच्छेने लागणारे व सुटणारे कुलूप योग्य. खर्च वाचविण्यासाठी डिफरन्शियलची चक्रे जोडकाम करून कायमची जखडणे मात्र सर्वथा टाळावे. तसे केल्यास पेकेरच्या आधीची अडचण प्रत्येक वळणावर पुन्हा उभी राहते.

आणि टायरची नक्षी झिजून गेली असेल, तर यांपैकी काहीही बसविण्यापूर्वी टायर बदलावेत. डिफरन्शियल पकड निर्माण करीत नाही. भुईने दिलेली पकड ते केवळ वाटून देते.