डाळिंबावरील खोड पोखरणारा भुंगेरा : कूळ ओळखा, बाग वाचवा

डाळिंबाचे एखादे झाड पिवळे पडून वाळू लागते. खोडाच्या तळाशी टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे व त्यांतून आलेला बारीक भुसा दिसतो. बागायतदार घाईने फवारणी करतात. तरी झाड जाते. याचे कारण या किडीच्या उत्क्रांतीत आहे.

कूळ व विविधता

साल व खोड पोखरणारे हे भुंगेरे म्हणजे धान्यातील सोंडकिड्याचे भाऊबंद होत. जगात त्यांच्या सुमारे ६,००० जाती ज्ञात आहेत. काही जाती सालीखालील रसाळ थरावर जगतात, काही लाकडात शिरतात, तर काही बियांत. कॉफीची फळे पोखरणारा भुंगेरा याच गटातील असून तो भारतात १९९० मध्ये प्रथम आढळला.

बुरशीची शेती

लाकडात पोषणमूल्य फार थोडे. त्यामुळे या कुळातील अनेक शाखांनी निरनिराळ्या काळी एकच तोडगा काढला, तो म्हणजे बुरशीची शेती. मादी शरीरातील खास पिशवीत बुरशीचे बियाणे आणते, बोगद्याच्या भिंतीवर ते वाढवते आणि पिल्ले त्यावर पोसतात. डाळिंबावरील छिद्रे पाडणारा भुंगेरा याच प्रकारचा आहे. तो लाकूड कुरतडतो, पण खात नाही. म्हणून तो आत शिरल्यावर बाहेरून मारलेले औषध त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

एकटी मादी पुरेशी

मादी सुमारे अडीच मिलिमीटर लांब असते. नर तिच्याहून लहान असून त्याला उडता येत नाही. बहुतेक माद्यांचा समागम बोगद्यातच भावांशी होतो. नंतर त्या बाहेर पडतात. समागम झाला नसला तरी मादी अफलित अंडी घालते, त्यांतून फक्त नर जन्मतात. थोडक्यात, किडके लाकूड दुसऱ्या गावी नेले की नवी वसाहत उभी राहण्यास एक मादी पुरते.

दिसायला सारखे, जाती निराळ्या

चहाच्या फांद्या पोखरणारा भुंगेरा पूर्वी एकच जात समजला जाई. २०१८-१९ मध्ये डी.एन.ए. व बारीक मोजमापांवरून त्यात चार जाती असल्याचे दिसून आले. जातीनुसार बुरशी व यजमान झाडे बदलू शकतात. म्हणून नमुना तपासून घेणे हिताचे ठरते.

बागायतदारांनी काय करावे

१. दर आठवड्यास खोडाचा तळ व मोठ्या फांद्या पाहाव्यात. छिद्रे नसतील, तर मर रोग व सूत्रकृमींसाठी मुळे तपासावीत.

२. पाणी साचू देऊ नये. गुदमरलेल्या झाडातून निघणाऱ्या मद्यार्काच्या वासाने या कुळातील अनेक जाती ओढल्या जातात.

३. वाळलेले झाड मुळासकट काढून लगेच जाळावे. बांधावर सरपणाचा ढीग लावू नये.

४. खोडास लेप द्यावयाचा तो कीड शिरण्यापूर्वी. त्यातील औषध व मात्रा यांबाबत कृषी विद्यापीठाची चालू शिफारस पाहावी.

५. भुंगेरे सापडल्यास स्पिरिटच्या बाटलीत ठेवून झाड, ठिकाण व तारीख लिहावी आणि कृषि विज्ञान केंद्राकडे द्यावेत.

लक्षात ठेवावे, कीड लाकडात शिरण्यापूर्वीचे काही दिवसच आपल्या हातात असतात. नंतर झाड वाचविण्यापेक्षा शेजारची झाडे वाचविणे हेच शहाणपणाचे.