तंबोऱ्याचे मोल

मिरजेत घडलेला तंबोरा पनागरच्या गायकास ज्या किमतीत मिळतो, त्याहून कितीतरी अधिक किंमत लंडनच्या गायकास मोजावी लागते. हा फरक कारागिरीचा नव्हे. मिरजेतील शिकलगारांनी 19 व्या शतकात शस्त्रे सोडून वाद्यनिर्मिती पत्करली. पंढरपूर परिसरातील भोपळा, तुणीचे लाकूड आणि हातांचे श्रम हे मूळ मोल दोघांनाही सारखेच पडते. मात्र भोपळा ठिसूळ असल्याने परदेशी पाठविताना भक्कम पेटी लागते. विमानभाडे वजनाप्रमाणेच आकारमानावरही आकारले जाते. पुढे आयातकर, दुकानभाडे व विक्रेत्याचा नफा यांची भर पडते. हॅम्बुर्गचा स्टाइनवे पियानो भारतात येतो तेव्हा हाच क्रम उलट दिशेने घडतो. शिवाय जवारी काढणारा जाणकार तेथे सहजी सापडत नाही, हाही खर्चच होय.

2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांस भौगोलिक मानांकन लाभले. त्यामुळे वाद्याच्या उगमास मान्यता मिळाली. परंतु परदेशी वाढणाऱ्या किमतीत कारागिराचा वाटा किती, हे मानांकन ठरवीत नाही. तुलनेचा खरा विषय तोच आहे.