छायाचित्राखालील दोन ओळी

शेताच्या बांधावरील पक्षी, कीटक व वन्यप्राणी यांचीं छायाचित्रें काढून तीं जाणकारांस दाखविण्याची हौस अलीकडे पुष्कळांस जडली आहे. ही हौस उपयुक्त होय. मात्र चित्राखालीं स्थळ व तारीख खरी लिहिली पाहिजे.

रानपिंगळ्याचें उदाहरण पाहा. इ. स. १८८४ नंतर हा पक्षी कोणास खात्रीनें सांपडला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यानें चोरलेल्या जुन्या नमुन्यास १९१४ सालची व गुजरातेंतील स्थळाची खोटी चिठ्ठी लावल्यामुळें शोधकांची दिशाभूल झाली. ती बाजूस सारून, खरे नमुने जेथें मिळाले होते त्या प्रदेशांत शोध घेतला, तेव्हां नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांस तो शहाद्याजवळ आढळला. एका खोट्या चिठ्ठीनें केवढें नुकसान होतें, हें यावरून कळेल.

म्हणून तारीख, वेळ, गांव व शिवार त्याच दिवशीं टिपावें. ओळख न पटल्यास अंदाजानें नांव घालूं नये. दुसऱ्याचें चित्र आपलें म्हणून देऊं नये. घरटें दिसल्यास दूर राहावें व त्याचा नेमका ठिकाणा चारचौघांत सांगूं नये. विश्वासू जाणकारासच कळवावा. पेरणीची तारीख आपण जितक्या काळजीनें लिहितों, तितक्याच काळजीनें ही नोंद ठेवावी.