पोहणाऱ्या मुलांचा खांदा सांभाळा

आपल्या वस्तीतील काही मुले-मुली उन्हाळी शिबिरात पोहणे शिकून शालेय स्पर्धेत उतरतात. आधी जिल्हा, मग अमरावती विभाग, पुढे राज्य अशी ती वाट आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक जिंकले. पुढे ते तहसीलदार झाले. गुणवंत खेळाडूंना राज्याच्या शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. म्हणूनच निवड हुकेल या भीतीने मुले खांद्याचे दुखणे लपवतात.

खांदा का दुखतो? २५ मीटरच्या तलावात एका फेरीला साधारण २० हात मारावे लागतात. २ किलोमीटर म्हणजे ८० फेऱ्या, १६०० हात. एकेका खांद्याच्या वाट्याला ८०० येतात. खांद्याची खोबण उथळ असते; लहान लहान स्नायू सांधा जागेवर धरतात. ते थकले की त्यांच्या शिरा घासतात, सुजतात.

हे टाळण्यासाठी :

१. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे हात-पाय मोकळे करा. जोडीदाराने हात मागे ओढून ताणू नये.

२. सरावाचे अंतर हळूहळू वाढवा. सुट्टीनंतर एकदम पूर्ण सराव नको. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्या.

३. फ्रीस्टाइलमध्ये हात डोक्यासमोर आडवा न टाकता खांद्याच्या रेषेत टाका. अंग दोन्ही बाजूंना वळवा, श्वासही दोन्ही बाजूंनी घ्या.

४. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर कमरेला चिकटवून ट्यूब बाहेरच्या बाजूला ओढा. नंतर दोन्ही हातांनी छातीकडे ओढा. प्रत्येकी १५ वेळा, आठवड्यातून तीनदा. दुखले तर थांबा.

५. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्या. खांदा दुखत असेल तर पाण्याचा गुंड त्या मुलाला उचलायला लावू नका.

सरावानंतर अंग जड होणे वेगळे. हात वर नेताना टोचणे, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, हाताला मुंग्या येणे ही दुखापतीची खूण आहे. अशा वेळी सराव थांबवून प्रशिक्षकांना सांगा. दुखणे दाबणारी गोळी खाऊन पाण्यात उतरू देऊ नका. आठवडाभरात आराम पडला नाही, किंवा मुंग्या येत असतील, तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आई-बाबांनो, "किती नंबर आला?" याआधी "खांदा दुखतो का?" हे विचारा. दोन आठवड्यांची विश्रांती परवडते. लपवलेले दुखणे वर्ष खाते.